पडद्याकडे पाठ

तीस वर्षं सिनेमाच्या थेटरात काढलेल्या त्या माणसाने एकही सिनेमा धड पाहिलेला नव्हता. हे ते स्वतःहून सांगत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "बघणार कधी? मी कामावर असतो ना." काम डोअरकीपरचं. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची आणि मग बाहेर पडायच्या दाराशी स्टूल टाकून बसायचं. बाकीचे डोअरकीपर पडद्याकडे तोंड करून बसतात. हे पाठ करून बसत. पडद्यावरचा उजेड लोकांच्या तोंडावर पडतो, तेवढाच बघत अडीच तास.

रत्नागिरीत त्या थेटराची पायरी चढलेलं प्रत्येक माणूस त्यांना मामा म्हणायचं. मीही मामाच म्हणत असे. मांडवीला मी भाड्याने राहते तिथून तिसऱ्या घरात ते राहायचे, एकटेच. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन चिपळूणकडे गेलेली. थेटराला सुट्टी असली की संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसत. सगळं गाव समुद्राकडे तोंड करून सूर्य बुडताना बघायचं आणि मामा समुद्राकडे पाठ करून गावाकडे बघायचे. एकदा हर्णेला बहिणीकडे गेले तेव्हा तिने त्यांना संध्याकाळच्या लिलावाला पाठवलं, येताना मासळी आणा म्हणून. दोन तासांनी पिशवी हलवत परत आले. बोली लावणाऱ्यांची तोंडं बघण्यात टोपल्या उचलल्या गेल्या होत्या. बहिणीने त्या दिवशी भावाला डाळ-भात घातला, आणि ही गोष्ट ती पुढे प्रत्येक लग्नात सांगायची.

थेटरातून बाहेर पडायच्या वाटेवर, भिंतीला, त्यांचा फळा होता. कुठल्याशा शाळेने टाकून दिलेला. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगातले 'पट' आणि 'हजर' हे शब्द अजून दिसत. नवा पिक्चर शुक्रवारी लागतो. त्या दिवशीच्या पहिल्या दोन खेळांना बाहेर पडणाऱ्या लोकांना मामा अडवायचे, मत विचारायचे आणि खडूने फळ्यावर लिहायचे. प्रत्येक मताआधी 'एक प्रेक्षक' एवढंच. नाव कधीच नाही. पिक्चर उतरला की शुक्रवारी सकाळी ओल्या फडक्याने फळा कोरा करायचे.

त्यांचे नियम होते आणि ते कुणासाठी वाकत नसत. 'छान' आणि 'बकवास' हे शब्द ते घेत नसत. "छान भेंडीची भाजीपण असते. पिक्चरचं सांग." मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा : "नजर कुठे काढलीस?" त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक माणूस कुठेतरी पडद्यावरची नजर काढतोच, आणि त्याचं मत तिथेच असतं, बाकी सगळं बाहेर आल्यावर सुचलेलं. एका बँकेतल्या साहेबांनी सांगितलं की आपण पापणीही न हलवता पिक्चर पाहिला. मामा म्हणाले, "हिरोची आई गेली तेव्हा मोबाइल काढलात. कुणाचा फोन होता?" साहेबांनी चपलेकडे बघितलं. मग म्हणाले, कुणाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, 'एक प्रेक्षक : हिरोची आई मेली तेव्हा मी उगाच मोबाइल बघितला.' त्या आठवड्यात लोक पोस्टरपेक्षा फळ्यापुढे जास्त वेळ थांबत होते.

दुसरा नियम शेवटाचा. शेवट होण्याआधी उठून गेलेल्याचं मत फळ्यावर येत नसे. गावातले एक नावाजलेले वकील इंटरव्हललाच उठले आणि जाता जाता त्यांनी पिक्चरवर पाच मिनिटं भाषण केलं. मामांनी खडू खिशात घातला. म्हणाले, "अर्धी केस ऐकून निकाल लागतो काय हो तुमच्यात?"

तिसरा नियम, लोकांचा शब्द बदलायचा नाही आणि कुणाचंही मत गाळायचं नाही. स्वतःचं मत द्यायचं नाही हा चौथा. पण तो नियम म्हणता येणार नाही, कारण पिक्चर त्यांनी पाहिलेलाच नसायचा.

आता माझ्याविषयी थोडं, कारण पुढे जे घडलं त्यात मी आहे. मी अलोऱ्याच्या कॉलनीत वाढले. वडील तिथल्या वीज प्रकल्पावर नोकरीला होते आणि नोकरीबाहेरचा सगळा वेळ कामगारांची पत्रकं लिहायचे. आमच्याकडे कोरा कागद नव्हताच. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी बाराखडी गिरवली आणि कंटाळा आला की कागद उलटा करून 'जाहीर निषेध' वाचत बसले. वडिलांची एक शिकवण मला पाठ होती. पत्रकाला नाव नसावं. खाली नाव आलं की लोक मुद्द्याशी भांडायचं सोडून माणसाशी भांडतात. म्हणून त्यांची पत्रकं 'एक कामगार', 'एक पालक', 'एक जागृत नागरिक' यांची असत. ते सगळे आमच्याच घरात राहत.

मी रत्नागिरीला एका डीटीपी सेंटरमध्ये काम करते. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, निवडणूक आली की सगळ्या पक्षांची पत्रकं. माझी स्वतःची पत्रकं मी सुट्टीच्या दिवशी तिथल्याच कॉम्प्युटरवर लावते आणि छापते, शेठना सांगून.

तो पिक्चर लागणार असं कळलं तेव्हाच माझं डोकं तापलं होतं. मामा अशा पिक्चरना कापाकापीचा म्हणत. त्याचा पहिला भाग गावातल्या मुलींनी मोबाइलवर पाहिलेला होता : घाटावरचा बंगला, मुखवटा घातलेला माणूस, हातात सुरा, आणि एकामागून एक मरणाऱ्या कॉलेजच्या मुली. दुसऱ्या भागात त्या खुनांवर सिनेमा काढायला मंडळी त्याच बंगल्यात येतात आणि खुनी त्यांनाच मारायला लागतो. गंमत अशी की मरणाऱ्यांना सगळं ठाऊक असतं. एकटीने तळघरात जायचं नाही, दिवे गेले की हाक मारायची नाही, हे त्यांना पाठ असतं. तरी त्या जातात, हाक मारतात आणि मरतात. मरता मरता पहिल्या भागापेक्षा हे बरं चाललंय की वाईट, यावर बोलतात. आपण सिनेमा आहोत हे त्या सिनेमाला ठाऊक होतं आणि त्याचीच त्याला ऐट होती.

पिक्चर लागायच्या आदल्या संध्याकाळी खेळ नव्हता, म्हणून मी धक्क्यावर जाऊन मामांना पत्रकाचा मसुदा दाखवला. मथळा होता, 'बाईचा खून हा विनोद नव्हे!' त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"बघितलास?"

"उद्या लागतोय, मामा."

"मग हे काय, भविष्य?"

मी म्हटलं, विष आहे हे कळायला चाखावं लागत नाही. हे वाक्य वडिलांचं होतं. मामांनी कागद घडी करून परत दिला. "नको चाखूस. पण मग चव लिहू नको."

म्हणून मी शुक्रवारी बारा वाजताच्या खेळाला गेले. वही-पेन घेऊन, तिसऱ्या रांगेत. पहिला खून होतो तो सिनेमातल्या सिनेमाच्या नटीचा. खुनी तिला मारतो आणि तिच्याच ओढणीला सुरा पुसायला लागतो. मरता मरता ती म्हणते, "हे पहिल्या भागात झालंय, काहीतरी नवीन कर." खुनी थांबतो, विचार करतो, मान डोलावतो आणि सुरा स्वतःच्या शर्टाला पुसतो. थेटर हशाने फुटलं.

बाहेर आले तेव्हा मामा दारात उभे होते, खडू हातात.

"चार वेळा," ते म्हणाले.

मी विचारलं, काय चार वेळा.

"हसलीस. ओढणीच्या वेळी सगळ्यात जास्त. आणि नजर एकदापण काढली नायस."

मी म्हटलं, मी नोंदी घेत होते.

"वही मांडीवर होती गो. मिटलेली." मग फळ्याकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "लिहू?"

मी नको म्हटलं. ते नको तर नको म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्यांनी मला टाकून बोलावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं. ते काही झालं नाही.

त्या दिवशी फळ्यावर नऊ मतं आली. मी ती उतरून घेतली होती, म्हणून आजही जशीच्या तशी देऊ शकते. एक प्रेक्षक : पहिल्या भागात भ्यालो, दुसऱ्यात त्यांनीच सांगितलं हे खोटं आहे, मग मी कशाला भिऊ. एक प्रेक्षक : असा सुरा धरतात? त्याला बांगडापण साफ करता येणार नाय. (ही मांडवीची मासे विकणारी काकू. तिने नजर पूर्ण वेळ त्याच्या मनगटावर ठेवली होती, असं मामा म्हणाले.) एक प्रेक्षक : मुलीला मारतात तेव्हा पाय दाखवतात, मुलाला मारतात तेव्हा तोंड. एक प्रेक्षक : मी पहिला भाग बोटीवर केबिनमध्ये एकट्याने बघितला, इथे लोक हसून घाबरायला देत नाहीत. एक प्रेक्षक : मेलेल्यांपेक्षा उरलेले बावळट. एक प्रेक्षक : आपण पिक्चरमध्ये आहोत हे त्यांना कळतं तर दार उघडून घरी का जात नाहीत. एक प्रेक्षक : माझ्या मुलीने हे बघू नये, मी बघितलं ते पुरे. एक प्रेक्षक : शेवटी उरते ती रडत नाय, वैतागते, ते आवडलं. आणि एका नव्या लग्नाच्या मुलीचं : अडीच तास कुणी चहा मागितला नाय.

शनिवारी अर्धा दिवस काम करून मी पुन्हा तिथे गेले. खेळ संपायला अजून वेळ होता, तेवढ्यात दार उघडलं आणि मामा एका बाईला बाहेर सोडायला आले. तिला मी ओळखत होते. इस्पितळात नर्स आहे, तीनची ड्यूटी धरायची घाई होती. पर्स काखेत मारून ती पायऱ्या उतरत होती आणि मी अडवून विचारलं म्हणून क्षणभर थांबली. म्हणाली, "अशी आलेली बाई मी वॉर्डात बघितलीय. ती अशी किंचाळत नाय. ती गप्प असते." आणि रिक्षात बसून गेली.

मी मामांकडे पाहिलं. ते आत जायला वळले होते. मी म्हटलं, हे लिहा. ते म्हणाले, शेवट राहिलाय तिचा. मी म्हटलं, त्या नऊ मतांपुढे खरं मत हे एकच आहे आणि तुम्ही नियम सांगता? माझा आवाज चढला होता. आतल्या किंकाळ्या बाहेर ऐकू येत होत्या, त्यात तो बुडून गेला.

"तिला सांगितलंय मी," मामा म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी ये, शेवटचा पाव तास उभ्याने बघ, मी आत घेतो. मग लिहीन. पळून जात नाय फळा."

मला वाटलं, नियम पाळणाऱ्या माणसांनीच जगात सगळ्यात जास्त अन्याय होऊ दिलाय. हे वाक्य मला इतकं आवडलं की रविवारी पत्रकात घातलं.

त्या पत्रकात फळ्यावरची चार मतं होती : पाय आणि तोंड, दार का उघडत नाहीत, माझ्या मुलीने बघू नये, आणि सुरा धरता न येणारा. शेवटचं मी अशा जागी बसवलं की तेही निषेधाचंच वाटावं. उरलेली पाच गाळली. सगळ्यात वर, चौकटीत, नर्सचं मत. आणि खाली सहीच्या जागी, वडिलांच्या रीतीप्रमाणे, नाव न देता : 'एक प्रेक्षक.'

हे लिहिताना मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. आपण कुणाची सही केली आहे, हे मला कळलंच नाही. गावाला मात्र बघताक्षणी कळलं. रत्नागिरीत 'एक प्रेक्षक' असं लिहिणारा माणूस एकच होता.

सोमवारी मी पत्रकं एसटी स्टँडवर आणि कॉलेजच्या फाटकापाशी वाटली. मंगळवारपर्यंत त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. महिला मंडळाच्या चार बायका थेटराच्या मालकांना भेटून आल्या. पिक्चर देणाऱ्या कंपनीच्या माणसाने मालकांना फोन केला की तुमचाच डोअरकीपर आमच्या पिक्चरविरुद्ध कागद वाटतो, पुढचा पिक्चर तुम्हाला द्यायचा की नाही ते बघू. मालक वाईट माणूस नाही. बापाचं थेटर कसंबसं चालवणारा चाळिशीचा माणूस आहे, त्या वर्षात पहिल्यांदा त्याच्या खुर्च्या भरत होत्या. त्याने बुधवारी सकाळी मामांना बोलावून विचारलं, हे तुम्ही लिहिलंत का. मामा काहीच बोलले नाहीत. मालकाने तेच उत्तर धरलं. फळा उतरवला आणि मामांना दारातून काढून आवारातल्या गाड्यांच्या स्टँडवर बसवलं. दारात स्वतःच्या पुतण्याला उभं केलं. हे सगळं मला दुपारी सेंटरवर चहा घेऊन येणाऱ्याने सांगितलं.

पिक्चर दुसऱ्या आठवड्यातही चालू होता. पुढच्या सोमवारी मी त्या गाड्यांच्या स्टँडवर थांबले. मामा बदामाच्या झाडाखाली स्टूल टाकून बसले होते, हातात बॅटरी. भर दुपारी. स्टँडच्या तोंडाशी गटार आहे. गाड्या जाव्यात म्हणून त्यावर फळा आडवा टाकला होता. 'हजर' दिसत होतं, 'पट'वरून चाकं गेली होती.

"तू कधीपासून हेल्मेट घालायला लागलीस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हल्ली पोलीस पकडतात.

"काढ ते. हेल्मेट घातलेल्या माणसाचं मत कळत नाय. इथे सगळे तसलेच येतात."

मी काढलं. मी इकडचं तिकडचं बोलले. त्यांना काय पाहिजे ते त्यांनी स्वतःच सांगितलं, तक्रार न करता. जेवायला मुलगी बोलावते आहे, राहायला घर आहे, त्यांना दुसरं काही नको होतं, फक्त ते दार हवं होतं. "माझ्या वयाचा माणूस एकदा दारातून हलला की परत कोणी घेत नाय. आठवडाभर पुतण्या उभा राहिला की दार पुतण्याचं."

तेवढ्यात नर्स आली. तिचा सुट्टीचा दिवस होता, साडी नेसून आली होती. शेवटचा पाव तास बघायला, मामांनी सांगितलं होतं तसा. ती थेट दाराशी गेली. पुतण्या म्हणाला, तिकीट. तिने मामांचं नाव सांगितलं. पुतण्या म्हणाला, मामा आता स्टँडला. मामा स्टुलावरून उठले, तीन पावलं चालले आणि थांबले. फळ्यावर उभे होते ते, गटारावरच्या. मग परत येऊन बसले. नर्सने लांबून हात केला, राहू दे अशा अर्थाने, आणि गेली.

मी विचारलं, "मामा, तुम्ही मालकाला सांगितलं का नाहीत, मी लिहिलं नाही म्हणून?"

"तसं म्हटलं तर पुढे विचारणार, मग कोणी लिहिलं. ते मला ठाऊक होतं. खोटं बोलू?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"हिचं मत मी फळ्यावर घेतलंच नव्हतं," ते नर्स गेली त्या दिशेला बघत म्हणाले. "ते ऐकायला आपण दोघंच होतो."

मी म्हटलं, वडील म्हणायचे पत्रकाला नाव नसावं. त्यावर त्यांनी थोडा विचार केला. वडिलांविषयी ते नेहमी आदराने बोलत.

"फळ्याला नाव लागत नाय, कारण फळा पुसतो. माणूस शुक्रवारी जे बोलला ते पुढच्या शुक्रवारी त्याच्या गळ्यात नको. कागद पुसत नाय गो. कागदाला नाव पायजे."

त्या संध्याकाळी मी सेंटरवर दुसरं पत्रक लावलं. त्यात होतं : पहिलं पत्रक मी लिहिलं, मामांचा त्याच्याशी संबंध नाही. फळ्यावर नऊ मतं होती, मी चार घेतली आणि पाच गाळली. चौकटीतलं मत फळ्यावर नव्हतं. पिक्चर मी पाहिला आणि पहिल्या खुनाला मी हसले. मग नऊच्या नऊ मतं, आणि खाली माझं नाव, आडनावासकट. हसले हे वाक्य मी तीनदा काढलं आणि चौथ्यांदा ठेवलं.

मंगळवारी सकाळी पहिली प्रत मालकाला नेऊन दिली. त्याने उभ्यानेच वाचली. "म्हणजे मामांनी नाही?" असं दोनदा विचारलं. मग मला तिथेच सोडून तो स्टँडवर गेला. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मालक खाली मान घालून बोलत होता आणि मामा, अर्थातच, त्याच्या तोंडाकडे बघत होते. सेंटरच्या शेठनी मला, "कागद माझा, शाई माझी आणि थेटराचं कामही माझं," एवढं ऐकवलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. थेटराची पोस्टरं तेच छापतात.

बुधवारी मामा दारात होते. फळा मात्र परत भिंतीवर आला नाही. तो मधोमध चिरला होता.

गुरुवारी, पिक्चरच्या शेवटच्या दिवशी, नर्स दुपारच्या खेळाला आली. मामांनी तिला शेवटच्या पाव तासाला आत घेतलं. मी बाहेर थांबले होते. ती बाहेर आली. मामांनी विचारलं, नजर कुठे काढलीस.

"काढली नाय," ती म्हणाली. "शेवटी ती उरते ना, तिला गाडीत बसवतात. आणि ती ड्रायव्हरला म्हणते, तिसऱ्या भागात मला घेऊ नका. सगळे हसले. ते खरं आहे. पहिल्या दिवशी गप्प असते. दुसऱ्या दिवशी असंच काहीतरी बोलते आणि आम्ही ड्रेसिंग करता करता हसतो. मग ती पण हसते. मला ते कुणाला सांगता आलं नव्हतं आजपर्यंत."

फळा नव्हता. तो होता तिथे भिंतीवर एक चौकोन उरला होता, बाकी भिंतीपेक्षा उजळ. मामांनी खिशातून निळा खडू काढला आणि सरळ भिंतीवर लिहिलं, वरपासून खालपर्यंत, तिच्या शब्दांत. आधीचं आणि आत्ताचं, दोन्ही. एक प्रेक्षक. मालक येऊन मागे उभा राहिला, वाचलं, आणि आत गेला.

मामांचा नियम बरोबर होता, असं मी आजही सरसकट म्हणणार नाही. तिचं पहिलं वाक्य त्या शनिवारीही खरंच होतं. पण शेवट न बघता मी तिला एका वाक्याची बाई केली होती, आणि चौकटीत बसवली होती. सिनेमाने त्या मुलींचं जे केलं, तेच मी तिचं केलं होतं.

पुढे दीड वर्षाने थेटर दुरुस्तीसाठी बंद झालं. ते अजून बंदच आहे. मामा चिपळूणकडे मुलीच्या घरी गेले. तिचा मला अधूनमधून फोन येतो. तक्रार एकच, की घरात सगळे मालिका बघत असताना बाबा टीव्हीकडे पाठ करून आमच्याकडे बघत बसतात, आणि जाहिरात लागली की माझ्या जावेला विचारतात, आत्ता उठून गेलीस ती कशाला. आजोबांच्या समोर बसायला नको म्हणून नातवाने सोफा फिरवून घेतलाय.

पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारचं. सकाळी मी गेले तेव्हा मामा ओल्या फडक्याने भिंत पुसत होते. नवा पिक्चर लागणार होता, गाण्यांचा. माझं दुसरं पत्रक त्यांच्या वरच्या खिशात होतं. मी विचारलं, वाचलंत का, कसं वाटलं.

"छान भेंडीची भाजीपण असते," ते म्हणाले. मग फडकं बादलीत पिळून, माझ्याकडे वळून विचारलं, "लिहिताना नजर कुठे काढलीस?"

मला विचार करावा लागला नाही. "बुधवार ते सोमवार," मी म्हटलं.

"हां." ते परत पुसायला लागले. "तेवढं राहिलं मग."

ते राहिलेलं हे. त्यांना दारातून काढलं ते मला बुधवारी दुपारीच कळलं होतं आणि ते माझ्यामुळे हेही त्याच क्षणी कळलं होतं. चळवळ माणसापेक्षा मोठी असते, वडिलांची रीत आहे, शेठ काढून टाकतील, अशी तीन कारणं माझ्याकडे होती आणि ती मी सहा दिवस पुरवली. सेंटरचा रस्ता त्या स्टँडवरूनच जातो. आमच्याकडे गावातल्या गावात हेल्मेट कुणी घालत नाही, आणि पोलीस कुणाला पकडत नाहीत. मी ते त्या बुधवारी संध्याकाळी माळ्यावरून काढलं आणि सोमवारपर्यंत, जाताना आणि येताना, घालून गेले.